ऑगस्ट संपत आला तरी कॅनोला हिरवाच: उशीर कशामुळे झाला आणि आता करायचं काय

कॅनोला म्हणजे मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक. दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यावरून फोन सुरू होतात. "ताई, शेजारच्या शेतात स्वॅथर फिरायला लागला आणि आमचा कॅनोला अजून हिरवागार आहे. बुधवारी रात्री फ्रॉस्ट सांगितलाय. कापून टाकायचा का?" (स्वॅथर म्हणजे पीक कापून ओळींत आडवं टाकणारं यंत्र, फ्रॉस्ट म्हणजे शून्याखाली उतरून पीक गोठवणारी थंडी.) फोन करणारा बहुधा शेतकीची पदवी घेऊन इकडे कॅनडात आलेला, सस्कॅचेवान नाहीतर अल्बर्टा प्रांतातल्या एखाद्या मोठ्या फार्मवर पहिल्याच हंगामाला लागलेला असतो. मालक त्याला विचारतो, तो मला विचारतो. मी मेलफोर्टच्या बाजूला, सस्कॅचेवानच्या ईशान्येला, पीक-पाहणीचं काम करते. उत्तर द्यायला मला आवडतं, पण फोनवर ते धड देता येत नाही. शेत हिरवं राहण्याची कारणं चार-पाच आहेत आणि प्रत्येक कारणाचा निर्णय वेगळा निघतो. म्हणून एकदा बैजवार लिहून ठेवते.

आधी हंगामाचा हिशेब बघू. इथे कॅनोलाची पेरणी मे महिन्यात होते. प्रेअरीच्या, म्हणजे पश्चिम कॅनडातल्या सपाट गवताळ पट्ट्याच्या, बऱ्याच भागात फ्रॉस्ट नसलेले दिवस मिळतात ९५ ते १२०, आणि आजचे संकरित वाण पेरणीपासून कापणीला यायला साधारण ९५ ते १०५ दिवस घेतात. २५ मेला पेरलं आणि १०० दिवस धरले तर २ सप्टेंबर उजाडतो. ५ जूनला पेरलं तर १३ सप्टेंबर. आमच्याकडे पहिला फ्रॉस्ट सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कधीही येऊन ठेपतो. हाताशी राहतात ते मोजके दिवस, आणि उन्हाळ्याने थोडी जरी चाल बदलली की तेही जातात. निफाडला डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठले की द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा येतो ना, तोच गोळा इथे ऑगस्टअखेरीस येतो.

आणि वाणाच्या माहितीपत्रकावरचे ते १०० दिवस दगडावरची रेघ नव्हे. पीक दिवस मोजत नाही, ऊब मोजतं. कॅनोलासाठी साधारण ५ अंश सेल्सिअस हा पाया धरतात. दिवसाच्या सरासरी तापमानातून ५ वजा केले की त्या दिवशी पिकाच्या पदरात किती ऊब पडली ते कळतं. सरासरी २० अंशांचा दिवस असेल तर १५ एकक मिळतात, १३ अंशांचा ढगाळ दिवस असेल तर फक्त ८. गारठ्याचे दोन दिवस मिळून एका उबदार दिवसाचं काम जेमतेम होतं. जुलै-ऑगस्ट असाच गार गेला तर १०० दिवसांचं पीक ११० दिवसांवर जातं आणि त्यात ना वाणाचा दोष असतो, ना पेरणाऱ्याचा. २००४ चा उन्हाळा असाच थंड गेला होता. पीक मागे पडलेलं, दाणे अजून ओले, आणि २० ऑगस्टलाच सस्कॅचेवान-मॅनिटोबावर कडक फ्रॉस्ट उतरला. त्या साली हिरव्या दाण्याने किती शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं ते जुनी माणसं आजही तारखेनिशी सांगतात.

झाड उपटून बघा, जुलै त्यावर लिहिलेला असतो

रस्त्यावरून गाडीतून बघून काही ठरवू नका. कडेची झाडं नेहमी वेगळी असतात. निदान पन्नास-साठ पावलं आत जा, वेगवेगळ्या चार-पाच जागांवरून दहा झाडं मुळासकट उपटून आणा आणि पिकअपच्या मागच्या फळीवर आडवी मांडा. मग मुख्य दांडा खालून वर वाचत जा.

मुख्य दांड्यावर फुलं खालून वर उमलतात, दिवसाला साधारण तीन ते पाच. म्हणजे दांडा हे एक रोजनिशीचं पान आहे. खाली सात-आठ शेंगा चांगल्या भरलेल्या, मग बोटभर-दोन बोटं लांबीचा असा भाग जिथे नुसते देठ, शेंगच नाही, आणि त्यावर पुन्हा शेंगा. बोट फिरवलं तर ते रिकामे देठ कंगव्याच्या दातांसारखे लागतात. मोजले आणि अठरा-वीस भरले, तर समजा की चार-पाच दिवस असे गेले ज्यांत फूल आलं पण शेंग धरली नाही. फुलोरा कोणत्या तारखेला सुरू झाला हे माहीत असेल तर त्या दिवसांची तारीखही काढता येते. मी गेल्या काही वर्षांत हवामानाच्या नोंदींशी अशा जागा ताडून बघितल्या आहेत. उन्हाची लाट आणि टक्कल पडलेला दांडा बरोब्बर जुळतात.

एक लक्षात ठेवा. कॅनोला जेवढी फुलं काढतो त्यातली निम्म्याच्या आसपासच शेंगेपर्यंत पोचतात, चांगल्या वर्षीसुद्धा. त्यामुळे अगदी शेंड्याला रिकामे देठ दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. बघायचं ते मधलं रिकामं अंतर.

आता या प्रकरणातली सगळ्यात फसवी गोष्ट. उष्णतेने पीक लवकर पिकतं असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. विदर्भात वाढलेल्या माझ्याही डोक्यात होतं. मार्चमध्ये ऊन वाढलं की गहू-हरभरा झपाट्याने पिवळा पडतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. कॅनोलाला मात्र फुलोऱ्यात २०-२१ अंश मानवतात. २७-२८ च्या वर पारा गेला आणि रात्रीही १६ अंशांच्या खाली उतरला नाही की परागकण निकामी होऊ लागतात, कळ्या आणि कोवळ्या शेंगा गळतात. झाडाची मुख्य दांड्यावरची कमाई बुडते. आणि जमिनीत ओल शिल्लक असेल तर झाड स्वस्थ बसत नाही. बाजूच्या फांद्यांना नवीन कळ्या काढतं, पुन्हा फुलतं, पुन्हा शेंगा धरतं. जिथे फुलोरा दोन-तीन आठवड्यांत आटपायचा तिथे तो चार आठवडे चालतो. फुलोरा संपल्यावर दाणा पक्व व्हायला आणखी ३५ ते ४५ दिवस लागतात, हा हिशेब मात्र बदलत नाही. म्हणजे जुलैतली उष्णता आणि ओल यांची जोडी सप्टेंबरातला उशीर होऊन समोर येते. जुलैत शेत पुन्हा पिवळंधम्मक फुललं म्हणून मालक खूश असतो, आणि त्याच फुलांची किंमत फ्रॉस्टच्या रात्री मोजावी लागते.

ओल नसेल तर उलटं. तेव्हा झाड आहे त्यावर हंगाम आटोपतं. भर फुलोऱ्यात कॅनोलाला दिवसाला ७-८ मिलीमीटर पाणी लागतं. तेवढं मिळालं नाही तर उत्पादन जातं, पण उशीर होत नाही. पॅलिसर त्रिकोणातल्या, म्हणजे स्विफ्ट करंटकडच्या कोरड्या पट्ट्यात हे जास्त दिसतं, आमच्या काळ्या जमिनीत पहिला प्रकार.

या दोन्हींची खिचडी २०२१ साली झाली. जूनअखेरीस पश्चिम कॅनडावर उष्णतेचा घुमट बसला, २९ जूनला ब्रिटिश कोलंबियातल्या लिटनला ४९.६ अंश नोंदले गेले, आणि प्रेअरीवर दुष्काळ पडला. एरवी देशाचं कॅनोला उत्पादन १ कोटी ९० लाख टनांच्या आसपास, ते दीड कोटीच्याही खाली आलं. पीक करपून अर्धवट पिकलं, आणि मग ऑगस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी पाऊस आला. करपलेल्या झाडांना बुडापासून हिरवे फुटवे आले, फुलं आली. एकाच झाडावर खाली तडकायला आलेल्या शेंगा आणि वर ताजी पिवळी फुलं! अशा शेतात उभं राहिलं की निर्णय सुचत नाही.

तिथे हाताने निवाडा करायचा. दहा झाडांच्या जुन्या शेंगा एका वाटीत सोला, नव्या दुसऱ्या वाटीत. दाणे तळहातावर घेऊन बघा. जवळजवळ नेहमी वजन जुन्या वाटीतच असतं; नव्या वाटीत पाण्यासारखे पारदर्शक थेंब असतात, त्यांना दाणा म्हणवत नाही. ज्या वाटीत उत्पन्न आहे त्या वाटीप्रमाणे कापणीचा दिवस ठरवा. वरच्या फुलांवर जीव लावू नका. ऑगस्टअखेरच्या फुलाला दाणा पिकवायला ऑक्टोबर लागेल आणि तो इथे कुणाला मिळत नाही.

उन्हाळ्याचा दोष नसतो तेव्हा

दांड्यावर टक्कल नाही, शेंगा सलग भरलेल्या, सगळं शेत एकसारखं पण मागे: हा नुसता गारठ्याचा उशीर. चांगली बातमी. दाण्याची संख्या शाबूत आहे, फक्त वेळ हवा. अशा शेताला शेजाऱ्याच्या स्वॅथरची बरोबरी करायला लावू नका.

दोन-दोन वयाची झाडं मिसळलेली दिसली तर चूक मेमध्ये झालेली आहे. बी अडीच सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं, वरची माती कोरडी होती, अर्धं बी लगेच उगवलं आणि अर्धं जूनमधल्या पावसावर. किंवा फ्ली बीटल या बारीक, उड्या मारणाऱ्या भुंगेऱ्याने कोवळी रोपं खाल्ली आणि पीक विरळ झालं. चौरस मीटरला ५० ते ८० झाडं हवीत. ती २०-२५ वर आली की प्रत्येक झाड अंगठ्याएवढं जाड होतं, बुडापासून फांद्या काढतं, आणि त्या सगळ्या फांद्या फुलून पिकेपर्यंत आठवडाभर तरी जास्त जातो. शेत लांबून भरघोस दिसतं, त्यामुळे हा उशीर लक्षात येत नाही. पाणी साचणाऱ्या खोलगट जागा आणि नत्र जास्त पडलेले पट्टेही असेच रेंगाळतात.

आणि एक प्रकार असा, जिथे थांबून काहीच मिळत नाही. सगळीकडे पीक रंगात आलंय आणि मधूनमधून एखाददुसरं झाड हिरवंच, ताठ, शेंगांच्या जागी फुग्यासारख्या चपट्या पोकळ पिशव्या. फोडून बघा, आत दाणा नसतो. हा अ‍ॅस्टर यलोज, तुडतुड्यांमार्फत पसरणारा रोग. २०१२ मध्ये प्रेअरीवर त्याचा फार जोर झाला होता. अशी झाडं शेवटपर्यंत हिरवीच राहणार. त्यांच्यासाठी बाकीचं पीक तिष्ठत ठेवू नका.

कापायचं की उभं ठेवायचं

आता बुधवारच्या रात्रीकडे येऊ. इथे एकच आकडा पाठ करा: दाण्यातली ओल २० टक्के. त्याच्या वर ओल असताना फ्रॉस्टने गाठलं तर दाण्यातला हिरवा रंग आतच कोंडला जातो. दाणा पिकताना हरितद्रव्य मोडण्याचं काम त्याच्यातली विकरं करतात आणि त्यांना ओल लागते. थंडीने पेशी मारल्या की ते काम थांबतं. ओल २० च्या खाली गेलेली असेल तर फ्रॉस्ट दाण्याचं फारसं वाकडं करू शकत नाही.

म्हणून शेंगा सोला. मुख्य दांड्याच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या भागातल्या, तिन्हींकडच्या. दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबून गोल फिरवा. पचकन फुटून पाणी आलं तर तो कोवळा. न फुटता टणक फिरला तर भरलेला. आणि टणक हिरव्या दाण्यावर तपकिरी किंवा काळसर ठिपका जरी दिसला तरी तो 'रंग बदललेला' म्हणून मोजा. शंभरातले साठ दाणे असे झाले की स्वॅथिंगची योग्य वेळ. साधारण हवेत दर दहा टक्के रंगाला दोन-तीन दिवस लागतात, कडक उन्हात कमी. आज २० टक्के रंग असेल तर ६० व्हायला आठ ते बारा दिवस. हा आकडा मालकाला सांगा, तो कागदावर मांडून दाखवा. "अजून थोडं थांबू" या वाक्याने कुणाचीही झोप शांत लागत नाही.

फ्रॉस्टच्या भीतीने आदल्या दिवशी कापण्याचा काहीही उपयोग नाही, हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण माझ्या सांगण्यावरून एकाचं नुकसान झालेलं आहे. माझा तिसरा हंगाम होता. अंदाज उणे २ चा होता, शेतात रंग जेमतेम २० टक्के. मी म्हटलं, कापा. त्यांनी रात्री अकरापर्यंत स्वॅथर चालवून अर्धं शेत पाडलं, मग मशीनचा पट्टा तुटला आणि अर्धं उभं राहिलं. पहाटे पारा शून्याच्या किंचित खाली गेला, तेवढंच. दहा-बारा दिवसांनी उभ्या अर्ध्यातला दाणा काळा, गोल, टपोरा. पाडलेल्या अर्ध्यातला लालसर, सुरकुतलेला, मोहरीच्या निम्म्या आकाराचा, आणि चिरडला की हिरवा. त्या शेतकऱ्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दोन्हीकडच्या दाण्यांच्या पुड्या मी अजून गाडीत ठेवते आणि नव्या मुलांना दाखवते.

कापलेल्या पिकाला फ्रॉस्टपासून वाचायला किमान तीन चांगले, वाळवणारे दिवस हवेत, तेव्हा कुठे ओल २० च्या खाली उतरते. तेवढे दिवस हातात असतील आणि रंग ५०-६० टक्के असेल, तर जरूर कापा. नसतील तर उभं राहू द्या. दाट, उभ्या पिकाची स्वतःची ऊब आणि ओलावा असतो. आडव्या ओळीला ते कवच नसतं. भर दुपारी तीसच्या आसपास पारा असताना कापू नका. दाणा झटकन वाळतो आणि हिरवाच राहतो. संध्याकाळी, रात्री, पहाटेच्या दवात कापा.

फ्रॉस्ट पडलाच तर सकाळी सात वाजता शेतात जाऊन निष्कर्ष काढू नका. दुपारनंतर जा, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा जा. शेंगेवर पांढरे ठिपके आणि आत टणक दाणा, म्हणजे हलक्यावर निभावलं, उभं ठेवा. शेंगा पिळलेल्या भाजीसारख्या लुळ्या पडल्या आणि वाळायला लागल्या, तर वाढ संपली. आता तडकून दाणा सांडण्याआधी, दव असताना कापा. शून्य ते उणे २ आणि उणे ४ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि गावातल्या केंद्राचा आकडा तुमच्या खोलगट शेताला लागू होत नाही. एक साधा किमान तापमापक पिकाच्या उंचीवर काठीला बांधून ठेवा.

शेंगा न तडकणारे वाण असतील तर मी उशिराच्या शेताला स्वॅथरऐवजी सरळ कम्बाइन, म्हणजे कापणी-मळणी एकदम करणारं यंत्र, लावायलाच सांगते. उभ्या दाण्याला हिरवा रंग जिरवायला जास्त दिवस मिळतात. तिथे पीक लवकर वाळावं म्हणून डायक्वाट हे झाड वाळवणारं रसायन मारण्याची घाई करू नका. झाड झटपट वाळतं, पण कोवळ्या दाण्यातला हिरवा रंग तसाच राहतो. आणि ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणाऱ्या वाणावर ग्लायफोसेट मारून फक्त तण मरेल, कॅनोला जागेवर राहील. हा गोंधळ दरवर्षी कुणीतरी घालतं.

दहा दाण्यांचा हिशेब

एलिव्हेटरवर, म्हणजे धान्य विकत घेऊन साठवणाऱ्या केंद्रावर, काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघा. शंभर खाचांच्या पट्टीत दाणे भरतात, त्यावर चिकटपट्टी लावून उचलतात आणि रुळाने चिरडतात. पिवळ्या डागांच्या रांगांत गडद हिरवे डाग उठून दिसतात. अशा पाच पट्ट्या, म्हणजे ५०० दाणे. पहिल्या प्रतीसाठी स्पष्ट हिरवे दाणे २ टक्क्यांपर्यंत चालतात, दुसऱ्या प्रतीला ६, तिसऱ्या प्रतीला २०. म्हणजे ५०० मधले दहा दाणे पहिली प्रत राखतात, अकराव्याला ती जाते. तेल गाळणाऱ्याला हा हिरवा रंग काढायला रंग शोषणारी माती जास्त वापरावी लागते आणि असं तेल लवकर खवटतं, म्हणून ही कपात. पट्टी, चिकटपट्टी आणि रूळ फार्मवरच ठेवा. कम्बाइन लावण्याआधी आणि ओळीत पडलेल्या पिकावर हलका पाऊस झाल्यावर पुन्हा तपासा. ओल परत मिळाली की थोडा रंग आणखी उतरतो. कडक फ्रॉस्टने मारलेल्या दाण्यात मात्र फार आशा धरू नका.

हिरवट माल बिनमध्ये, म्हणजे साठवणीच्या कोठीत, घातला की विसरू नका. असा दाणा जास्त श्वास घेतो, तापतो. ओल ८ टक्क्यांवर आणि तापमान १५ अंशांखाली येईपर्यंत पंखे चालू ठेवा, आणि पहिले सहा आठवडे तापमान बघत राहा.

पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा एवढं हाताशी असू द्या: पेरणीची तारीख, फुलोरा सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, दहा झाडांचा आडवा मांडून काढलेला फोटो, आणि तिन्ही थरांतल्या शंभर दाण्यांपैकी रंग बदललेले किती. फुलोऱ्याची तारीख नोंदवायची बहुतेकांची राहून जाते. जुलैत पहिलं पिवळं फूल दिसेल त्या दिवशीच ती ट्रॅक्टरच्या काचेवर आतून मार्करने लिहून टाका.